बायर पर्सोना: हापूसच्या पेटीपासून शिकू या, पायरी पायरीने

‘स्नेहा, वय ३२, आयटीत नोकरी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, तब्येतीला जपणारी, इन्स्टाग्राम वापरते.’ मार्केटिंगसाठी तयार केलेले बहुतेक बायर पर्सोना, म्हणजे एका प्रकारच्या ग्राहकाचं थोडक्यात लिहिलेलं चित्र, असेच असतात. वाचायला बरे वाटतात, पण उद्या सकाळी कोणाला कोणता मेसेज पाठवायचा, हे त्यातून कळत नाही. स्नेहाच्याच वयाची, तेवढ्याच पगाराची, शेजारच्याच फ्लॅटमधली बाई आंबा बाजारातून हाताने निवडून आणते आणि ऑनलाइन कधीच मागवत नाही. दोघींमधला फरक वयात नाही आणि पगारातही नाही. खरेदी कशामुळे सुरू झाली, कोणत्या धास्तीने अडली आणि शेवटी कशाने झाली, यात तो आहे. पर्सोनात नेमकं हेच यायला हवं.

खाली पूर्ण प्रक्रिया क्रमाने दिली आहे. उदाहरण कोकणातल्या बागायतदाराचं घेतलं आहे, जो मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना हापूस थेट घरपोच विकतो. तुमचा धंदा फराळाचा, साड्यांचा किंवा क्लासचा असला, तरी पायऱ्या याच राहतील.

सुरुवातीआधी काय जमवायचं

- मागच्या दोन हंगामांची ऑर्डरची वही किंवा एक्सेल फाइल.
- ग्राहकांशी झालेले व्हॉट्सॲपवरचे संवाद. ज्यांनी फक्त भाव विचारला आणि घेतलं नाही, तेही पुसून टाकू नका.
- तक्रारींची आणि परत केलेल्या पैशांची नोंद.
- साधारण तीन आठवड्यांचा वेळ, तोही हंगामाच्या बाहेरचा. हापूससाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ योग्य. एप्रिलमध्ये पेट्या भरता भरता हे काम होणार नाही.

काम एकाच माणसाने करायचं ठरवलं तरी चालेल. मात्र फोनवर ऑर्डर घेणारा आणि पेटी पोचवणारा, या दोघांना एकदा तरी शेजारी बसवाच. ग्राहक काय विचारतो ते पहिल्याला ठाऊक असतं आणि दार कोण उघडतं ते दुसऱ्याला.

टप्पा १: कोणता निर्णय घ्यायचा आहे ते एका वाक्यात लिहा

‘आपला ग्राहक समजून घ्यायचा आहे’ हा निर्णय नव्हे. निर्णय असा असतो: ‘येत्या हंगामात पहिल्या पंधरा दिवसांचा माल कोणाला आणि मे महिन्यातला माल कोणाला विकायचा?’ किंवा ‘पहिल्यांदा घेणारे दुसऱ्यांदा का येत नाहीत, आणि त्यासाठी काय बदलायचं?’ हे वाक्य कागदाच्या वर लिहून ठेवा. पुढे जमणारी जी माहिती या वाक्याला उत्तर देत नाही, ती बाजूला ठेवायची.

तपासा: पर्सोना तयार झाल्यावर ज्या तीन गोष्टी बदलता येतील (दर, मेसेज, पॅकिंग, पोचवण्याची वेळ, पैसे घेण्याची पद्धत) त्यांची नावं आत्ताच सांगता येतात का? येत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: वही आधी वाचा, फोन नंतर करा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि थेट गूगल फॉर्म पाठवतात. फॉर्ममध्ये माणूस स्वतःबद्दल जे लिहितो त्यापेक्षा त्याने प्रत्यक्षात केलेली खरेदी जास्त खरी असते, म्हणून वही आधी.

प्रत्येक ऑर्डरसमोर या नोंदी भरा: तारीख, किती डझन, फळाचा आकार, कच्चा मागवला की तयार, पैसे कोणी दिले, पेटी कोणाच्या पत्त्यावर गेली, पुन्हा ऑर्डर आली का आणि किती दिवसांनी. मग काही ठळक खुणा शोधा.

पैसे देणाऱ्याचं नाव आणि पत्त्यावरचं नाव वेगळं असेल, तर ती ऑर्डर वेगळ्या रंगाने रंगवा. तिथे विकत घेणारा एक आणि खाणारा दुसरा आहे. दोघांच्या गरजा वेगळ्या असतात आणि पर्सोना विकत घेणाऱ्याचा करायचा असतो.

तारखा पाहा. गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यातल्या ऑर्डरी, अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या आणि मेच्या मध्यानंतरच्या, असे तीन ढीग करा. हंगामाच्या सुरुवातीला माल कमी आणि भाव चढा असतो, तर मेमध्ये आवक वाढते आणि भाव उतरतो. चढ्या भावात एक डझन घेणारा आणि उतरत्या भावात पाच डझन घेणारा हे सहसा एकच माणूस नसतात.

एकाच पत्त्यावर पाच-सहा पेट्या गेल्या असतील, तर ती सोसायटीची एकत्र ऑर्डर आहे की ऑफिसातल्या भेटी, ते शोधा. पहिल्यात सगळे दर विचारतात, दुसऱ्यात आधी बिल मागतात.

सावध: ही नोंद करताना नाव आणि फोन नंबर वेगळ्या शीटमध्ये ठेवा आणि विश्लेषणाच्या शीटमध्ये फक्त क्रमांक लिहा. ज्या कामासाठी ग्राहकाने माहिती दिली त्याच कामापुरती ती वापरायची, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे. ग्राहकांच्या नंबरांसकट फाइल कोणत्याही एआय टूलमध्ये टाकू नका.

टप्पा ३: कोणाशी बोलायचं ते ठरवा

दहा ते बारा माणसं पुरतात, पण ती योग्य हवीत. साधारण अशी वाटणी करा:

- चार जण वर्षानुवर्षे घेणारे
- तीन जण एकदाच घेऊन पुन्हा न आलेले
- तीन जण भाव विचारून गेलेले
- एक-दोन जण दुसऱ्याकडून नियमित घेणारे

नातेवाईक, मित्र आणि गावची माणसं यात घेऊ नका. ती तुमचं मन राखतील. फक्त खूश ग्राहकांशी बोललात तर, तुमच्यात काय चांगलं आहे एवढंच कळेल. लोक कुठे अडतात ते न घेतलेल्यांकडूनच कळतं. त्यांना फोन करायला संकोच वाटतो हे खरं, पण ‘विकायला फोन केलेला नाही, तुम्ही का घेतलं नाही ते समजून घ्यायचं आहे’ असं सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं, तर माणसं मोकळेपणी बोलतात.

सलग दोन संभाषणांत नवं काहीच मिळालं नाही, तर थांबा. तसं झालं नाही तर आणखी तिघांशी बोला.

टप्पा ४: संभाषण

पंचवीस ते तीस मिनिटं, शक्यतो फोनवर, एका वेळी एकाच माणसाशी. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा. नको म्हणाले तर शब्द न बदलता टिपण घ्या.

सगळे प्रश्न घडून गेलेल्या एका खरेदीबद्दल विचारायचे. ‘आम्ही अमुक सुरू केलं तर घ्याल का?’ या प्रश्नाला मराठी माणूस भिडेपोटी ‘हो, का नाही’ म्हणतो. त्या होकाराला काही किंमत नाही. त्याऐवजी असं विचारा:

१. मागची पेटी कधी घेतली? त्या दिवशी नेमकं काय झालं म्हणून मागवावीशी वाटली?
२. त्याआधी आंबा कुठून घेत होता? ते का सोडलं, की अजून चालू आहे?
३. आमच्याशिवाय आणखी कुठे चौकशी केली? तिथे काय आवडलं नाही?
४. पैसे पाठवण्याआधी मनात कशाची धास्ती होती?
५. घरात कोणाला विचारलं? कोण नको म्हणालं?
६. पेटी आल्यावर पहिल्यांदा काय केलं?
७. आंबे तयार व्हायला किती दिवस लागले? कोणी बघत होतं?

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचं पहिलं उत्तर बहुधा वरवरचं येतं: ‘काही नाही, विश्वास होता.’ इथे लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. चार-पाच सेकंद गप्प राहा, मग म्हणा, ‘तरी थोडं काही वाटलं असेल ना?’ त्यानंतर खरं बाहेर येतं: ‘मागच्या वर्षी एकाकडून घेतले, अर्ध्यांत साका निघाला, आणि त्याने फोनच उचलला नाही.’ (साका म्हणजे बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या आंब्याचा गर आतून पांढरट, स्पंजासारखा निघणं.)

हे वाक्य जसंच्या तसं लिहा. त्याचं ‘गुणवत्तेबाबत साशंकता’ असं टिपण केलंत तर हातचं सोनं गेलं. ग्राहकाला दोन गोष्टी खुपल्या होत्या, साका निघणं आणि फोन न उचलणं. फळ आतून खराब निघण्यावर पूर्ण ताबा कोणाचाच नसतो, पण फोन उचलणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. ‘गुणवत्ता’ या एका शब्दात हा फरक पुसला जातो.

नेहमीच्या चुका

स्वतःच्या मालाची बाजू मांडायला लागणं. ग्राहक म्हणाला, ‘तुमचा आंबा महाग आहे,’ की लगेच फवारणी, मजुरी, वाहतूक यांचा हिशोब सुरू होतो. तिथे संभाषण संपतं. त्याऐवजी ‘कशाच्या मानाने महाग वाटला?’ असं विचारा. कोणी नाक्यावरच्या गाडीशी तुलना करत असतो, कोणी मिठाईच्या डब्याशी. दुसऱ्याच्या दृष्टीने तुमची पेटी ही भेटवस्तू आहे, आणि त्याला महाग वाटण्याचं कारण कदाचित साधा पुठ्ठ्याचा खोका असेल.

दुसरी चूक, उत्तर सुचवणारा प्रश्न. ‘देवगडचा अस्सल आंबा मिळतो म्हणूनच घेता ना?’ याला ‘हो’च येणार. अस्सलपणाची काळजी खरोखर किती जणांना आहे हे पाहायचं असेल, तर तो विषय स्वतःहून काढू नका आणि किती जण आपणहून काढतात ते मोजा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण तुमच्या ग्राहकाला ते ठाऊक आहे असं गृहीत धरू नका. तो ‘हा कर्नाटकचा तर नाही ना?’ एवढंच विचारेल. तुमच्या विक्रीच्या पानावर उत्तर याच प्रश्नाचं हवं.

टप्पा ५: तक्ता भरा

एका माणसाला एक ओळ. रकाने सहा: सुरुवात कशाने झाली, दुसरा पर्याय काय होता, धास्ती कोणती, निर्णय कोणाचा, पैसे-वेळ-पोच यांची अट काय, आणि त्याचं एक मूळ वाक्य. वय, शहर, नोकरी हे रकाने शेवटी ठेवा, गट पाडताना त्यांच्याकडे बघायचं नाही.

भरलेली ओळ साधारण अशी दिसते (समजण्यासाठी रचलेली आहे):

*सुरुवात:* पाडव्याला आईबाबांकडे आंबा पोचलेला हवा. *दुसरा पर्याय:* पुण्यातल्या भावाला सांगणं. *धास्ती:* आंबा खराब निघाला तरी आई सांगणार नाही. *निर्णय:* एकट्याचा. *अट:* परदेशातल्या कार्डाने पैसे देता यावेत, पेटी दुपारी झोपेच्या वेळी नको. *वाक्य:* ‘पेटी पोचली की मला फोटो पाठवा, आई छानच आहेत म्हणणार.’

तपासा: प्रत्येक रकान्यातली गोष्ट वहीतून किंवा संभाषणातून आली आहे का? अंदाजाने भरलेल्या घरात प्रश्नचिन्ह टाका. एका ओळीत दोनपेक्षा जास्त प्रश्नचिन्हं असतील, तर त्या माणसाला पुन्हा पाच मिनिटांचा फोन करा.

टप्पा ६: गट पाडा

तक्त्याच्या ओळी कापून चिठ्ठ्या करा आणि जमिनीवर मांडा. स्क्रीनवर हे काम नीट होत नाही, कारण सगळ्या ओळी एकदम नजरेत येत नाहीत. ‘सुरुवात’ आणि ‘धास्ती’ हे दोन रकाने ज्यांचे जुळतात त्या चिठ्ठ्या एकत्र ठेवा.

बागायतदाराच्या बाबतीत बहुधा असे ढीग दिसतील: सणासाठी पहिली पेटी हवी असणारं घर, दूर राहून आईवडिलांना पाठवणारा मुलगा किंवा मुलगी, सोसायटीतल्या सात-आठ घरांची ऑर्डर एकत्र करणाऱ्या ताई, आणि मेमध्ये रसासाठी भरपूर आंबा घेणारं कुटुंब. शेवटच्या गटाकडे नीट लक्ष द्या. हे लोक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भाव विचारतात, चढा भाव ऐकून गप्प होतात आणि विक्रेता त्यांना ‘नुसते चौकशी करणारे’ समजून सोडून देतो. त्यांना लहान फळ चालतं, एखादा डाग चालतो, पण माल पावसाच्या आधी आणि रस काढण्याजोगा तयार हवा असतो. वहीत त्यांचा मागमूस नसतो, व्हॉट्सॲपच्या जुन्या चॅटमध्ये मात्र ते असतात. जुने संवाद पुसू नका असं वर म्हटलं ते यासाठीच.

ढीग तीन किंवा चारवर थांबवा. सहा पर्सोना केलेत तर एकही लक्षात राहणार नाही आणि हंगामात कोणीच ते उघडून बघणार नाही.

दोन ढीग खरोखर वेगळे आहेत का, हे पाहण्याची सोपी रीत आहे: एकासाठी लिहिलेला मेसेज दुसऱ्याला एक शब्दही न बदलता पाठवता येत असेल, तर ते दोन पर्सोना नाहीत. एक करा.

याच वेळी एक ढीग ‘आपला ग्राहक नाही’ असाही करा. उदाहरणार्थ, अमेरिकेत पेटी पाठवा म्हणणारे. तिथे जाणाऱ्या भारतीय आंब्यावर विकिरण प्रक्रिया (कीड निष्प्रभ करण्यासाठी किरणांचा मारा) आणि तपासणी बंधनकारक आहे, कुरियरने घरगुती पेटी जात नाही. अशांना नम्र नकाराचा एक तयार मेसेज लिहून ठेवा, म्हणजे ऐन हंगामात त्यावर वेळ जाणार नाही.

टप्पा ७: एका पानावर लिहा

पर्सोनाला काल्पनिक नाव आणि इंटरनेटवरचा हसरा फोटो लावू नका. नाव दिलं की लोक त्या नावाभोवती कल्पना रचायला लागतात. वागण्यावरून ओळख द्या: ‘दुरून आईबाबांना पाठवणारे’. पानावर एवढंच असू द्या:

- खरेदी कशाने सुरू होते, वर्षात केव्हा
- त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कोणता
- दोन सगळ्यांत मोठ्या धास्ती, त्यांच्याच शब्दांत
- ‘घेऊ या’ असं कशाने ठरतं
- पैसे, पोच आणि संपर्काच्या अटी
- आपण यांच्यासाठी काय करायचं आणि काय करायचं नाही
- ही माहिती किती जणांच्या बोलण्यातून आली, कोणत्या महिन्यात

शेवटची ओळ गाळू नका. दोन माणसांवरून केलेला पर्सोना आणि सहा माणसांवरून केलेला, यांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही.

सावध: एआयला ‘हापूसच्या ग्राहकाचा पर्सोना लिहून दे’ म्हटलं की मिनिटभरात सुबक पान मिळतं. ते कोणत्याही गावातल्या कोणत्याही विक्रेत्याला चालेल असं असतं, म्हणून तुमच्या कामाचं नाही. नावं-नंबर काढलेल्या टिपणांतून सारखे शब्द शोधायला त्याची मदत घ्या, पण ग्राहकाचं म्हणणं त्याच्याकडून घेऊ नका.

टप्पा ८: लगेच वापरात आणा

बहुतेक पर्सोना इथे मरतात, फाइल ड्राइव्हवर पडून राहते. म्हणून पान लिहून झाल्यावर त्याच आठवड्यात प्रत्येक पर्सोनामागे निदान तीन बदल करा.

‘दुरून पाठवणाऱ्यां’साठी: पेटी दारात पोचल्याचा फोटो पाठवणाऱ्याला जाईल अशी व्यवस्था करा. चार दिवसांनी आईवडिलांना फोन करून ‘किती आंबे तयार झाले, किती खराब निघाले’ असं आकड्यात विचारा, कारण ‘कसे आहेत’ला ‘छान’ हेच उत्तर येतं. मेसेजची वेळही पाहा. न्यूयॉर्कला रात्रीचे ९ वाजतात तेव्हा एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सकाळचे साडेसहा असतात. दुपारी बाराला टाकलेला मेसेज तिकडे मध्यरात्री पडतो.

‘मेमधल्या रसवाल्यां’साठी: एप्रिलमध्ये भाव विचारला की नुसता भाव न सांगता ‘मेमध्ये भाव उतरला की कळवू का?’ असं विचारा आणि होकार आला तर व्हॉट्सॲप बिझनेसवर ‘मे-रस’ असं लेबल लावा. नंबर सेव्ह करून ठेवायलाही तेव्हाच सांगा, कारण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना ब्रॉडकास्ट लिस्टवरचा (एकाच वेळी अनेकांना स्वतंत्र पाठवलेला) मेसेज पोचत नाही.

‘सोसायटीच्या ताईं’साठी: त्यांचं खरं काम आंबा घेणं नसून सात घरांचा हिशोब आणि सात जणांची नाराजी सांभाळणं हे आहे. प्रत्येक पेटीवर घराचं नाव, कच्चा की तयार याची चिठ्ठी आणि एकाच ओळीत पुढे पाठवता येईल असा दर, एवढं दिलंत की त्या पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच येतील. त्यांना स्वतःच्या पेटीवर सवलत देण्यापेक्षा खराब आंब्याची भरपाई त्यांच्यामार्फत न करता थेट त्या घराला देणं, याचं मोल त्यांना जास्त असतं.

सणासाठी घेणाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची: पाडव्याला खायचा असेल तर कच्ची पेटी कोणत्या तारखेला घरी यायला हवी आणि अढीत किती दिवस ठेवायची.

टप्पा ९: चुकलं कुठे ते मोजा

एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच दिवशी दर, फोटो आणि मजकूर बदललात तर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही. चाळीस-पन्नास जणांच्या यादीत टक्केवारी काढण्यात अर्थ नसतो, दोन ऑर्डरींनी ती उलटीपालटी होते. त्यापेक्षा प्रश्न मोजा. ‘साका निघाला तर काय?’ हा प्रश्न मेसेज बदलण्याआधीच्या आठवड्यात किती जणांनी विचारला आणि नंतरच्या आठवड्यात किती जणांनी? भरपाईचं वाक्य ठळक लिहूनही प्रश्न तेवढेच येत असतील, तर एकतर वाक्य नजरेत येत नाही किंवा त्यावर कोणाचा विश्वास नाही. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि कोणता करायचा ते विचारणाऱ्यालाच फोन करून कळेल.

ज्या ऑर्डरी चारपैकी एकाही पर्सोनात बसत नाहीत, त्या वहीत वेगळ्या खुणेने नोंदवत जा. हंगाम संपेपर्यंत अशा ऑर्डरी पाचात एक इतक्या झाल्या, तर कोणता तरी गट तुमच्या नजरेतून सुटला आहे. जूनमध्ये, ग्राहकांच्या आठवणी ताज्या असतानाच, त्यातल्या तिघांना फोन करा आणि टप्पा चारचे सात प्रश्न पुन्हा विचारा.